सीएनसी आलं, दोन दिवसांत शिकवून गेले. आता निदेशकाने शिकायचं कुठं?

कातारी_निदेशक

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या आयटीआयमध्ये मी कातारी (टर्नर) व्यवसायाचा शिल्प निदेशक, म्हणजे शिकवणारा, आहे. १७ वर्षं झाली. लेथवर माझा हात चांगला आहे, हे मी खात्रीने सांगतो. चौपदरी थ्रेड असो नाहीतर एक्सेंट्रिक जॉब, मुलांसमोर उभं राहून करून दाखवतो.

गेल्या वर्षी आमच्या वर्कशॉपला सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारं लेथ, आलं. बसवायला आलेल्या माणसाने दोन दिवस ट्रेनिंग दिलं. मशीन चालू कसं करायचं, होमिंग, टूल टच ऑफ, प्रोग्रॅम कसा बोलवायचा, कूलंट किती भरायचं. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. प्रशिक्षण पूर्ण झाल्याच्या कागदावर सह्या झाल्या आणि तो संध्याकाळच्या गाडीने गेला.

मागच्या पंधरवड्यात ६० मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) बारवर फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करायचं काम, लावलं होतं. प्रोग्रॅम मीच वहीतल्या नमुन्यावरून लिहिलेला. मुलं काचेभोवती गोळा झाली होती. टूल बाहेरून आत यायला लागलं तसा स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा) आवाज चढत गेला. शेवटच्या काही मिलिमीटरला तर शिट्टी वाजल्यासारखा. मी घाबरून इमर्जन्सी दाबली. मागं उभ्या असलेल्या एका मुलाने विचारलं, "सर, टूल मधी येईल तसा आवाज का वाढतोय? लोड येतोय का?"

मी म्हणालो, "हो, लोड."

घरी जाताना गाडीवर बसल्या बसल्या लक्षात आलं की उत्तर चुकलं. मध्याकडे येताना लोड वाढेल कसा? पण मग खरं कारण काय, तेही सांगता येईना. त्या मुलाने माझ्यावर विश्वास ठेवून ते वहीत लिहून घेतलंय. तीन रात्री नीट झोप लागली नाही.

नोकरी लागल्यावर मुंबईला चुनाभट्टीच्या एटीआयमध्ये (आता एनएसटीआय म्हणतात) मी सीटीआय, म्हणजे निदेशकांचं प्रशिक्षण, केलं. पाठ टाचण कसं काढायचं, डेमोच्या वेळी मुलांना कुठं उभं करायचं, फळा कसा वापरायचा, हे त्या वर्षाने दिलं. त्याचं ऋण मी मानतो. पण त्यानंतर मला शिकवायला कुणी आलेलं नाही. अभ्यासक्रम बदलला, सत्र पद्धत आली, ती जाऊन परत वार्षिक परीक्षा आली, पुस्तकं बदलली. निदेशक तोच. रिफ्रेशरचं पत्र येतं तेव्हा ऐन बॅच चालू असते. २० मुलं आणि मी एकटा. मी गेलो तर त्यांना कुणी बघायचं, म्हणून पत्र फाइलला लागतं.

माझे प्रश्न दोन. एक, तो आवाज का वाढतो, हे कुणी नीट समजावून सांगेल का? दुसरा, सतरा वर्षं शिकवलेल्या माणसाने आता शिकायचं असेल तर कुठं जावं? पैसे भरून क्लास लावावा, की एमआयडीसीतल्या एखाद्या शॉपमध्ये जाऊन उभं राहावं? कुणी केलं असेल तर सांगा. प्रमाणपत्राची मला गरज नाही.

---

शिरोली_शिफ्ट

सर, मी शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर आहे. कास्टिंगचं मशिनिंग करतो. आयटीआय करूनच इथं आलोय. तुमचं वाचून राहवलं नाही.

आधी आवाजाचं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये जी९६ आहे. बघा, साध्या लेथवर फेसिंग करताना मधोमध फिनिश खराब येतं की नाही? आरपीएम (मिनिटाचे फेरे) तेच राहतं, व्यास कमी होत जातो, म्हणजे कटिंग स्पीड पडत जातो. पाय डी एन भागिले हजार, डी म्हणजे व्यास, एन म्हणजे आरपीएम. हे तुम्ही पोरांना दर वर्षी फळ्यावर लिहून देता. जी९६ म्हणजे मशीनला सांगणं की कटिंग स्पीड पडू द्यायचा नाही. मग व्यास कमी होईल तसं मशीन आरपीएम वाढवतं. आता हिशोब करा. एस१५०, म्हणजे मिनिटाला १५० मीटर कटिंग स्पीड, दिलं असेल तर ५० व्यासाला साधारण ९५५ आरपीएम येतात. १० व्यासाला ४,७७५. ५ ला साडेनऊ हजार. केंद्रावर व्यास शून्य, म्हणजे मशीन स्वतःच्या मर्यादेपर्यंत पळणार. तोच तुमचा आवाज. लोडचा त्यात काही संबंध नाही.

आता महत्त्वाचं. जी९६ च्या आधी जी५० एस२००० अशी ओळ पाहिजेच. फॅनुक कंट्रोलला स्पिंडलला लगाम घालायची ती ओळ. सीमेन्सला लिम्स असतं. तुमच्या नमुन्यात ती नसणार. सर, ही ओळ विसरायची नाही. आरपीएम वाढतं तसे चकचे जॉ, म्हणजे जॉब धरणारे जबडे, बाहेर फेकले जायला बघतात आणि पकड सुटत जाते. जड, वेडंवाकडं कास्टिंग असेल तर जॉब चकातून निघून दरवाज्यावर आदळतो. मी ते डोळ्याने बघितलंय. तुम्ही इमर्जन्सी दाबलीत ते बरोबरच केलंत.

दुसऱ्या प्रश्नाचं. शॉपमध्ये या. पण पाहुणा म्हणून येऊ नका. पाहुण्याला चहा देतात, शॉप फिरवतात आणि ऑफिसात बसवतात. प्राचार्यांचं पत्र आणा, दहा-बारा दिवस मागा आणि एकच गोष्ट मागा: मला सेटरच्या बाजूला उभं राहायचंय. ऑपरेटर जॉब काढतो-घालतो. नवीन जॉब लागतो तेव्हा खरं काम सेटर करतो. फर्स्ट पीस पास होईपर्यंतचे जे दोन-तीन तास असतात ना, त्यात सगळं शिक्षण आहे. सेफ्टी शूज आणि चष्मा स्वतःचा आणा.

आणि जाताना आमच्या रिजेक्शनच्या ट्रेमधले चार-सहा पीस मागून घ्या. मालक देतो, भंगारातच जायचे असतात. ड्रॉइंग मात्र कस्टमरचं असतं, ते विचारल्याशिवाय उचलू नका.

---

निवृत्त_गट_निदेशक

मी वीजतंत्री व्यवसायात ३१ वर्षं काढली. शेवटची आठ गट निदेशक म्हणून. वरच्या भाऊंनी तांत्रिक बाजू इतकी छान सांगितली आहे की त्यात मी भर घालणार नाही. मला बोलायचंय ते "हो, लोड" या दोन शब्दांबद्दल.

सर, तुम्ही चुकीचं उत्तर दिलंत याचं मला वाईट वाटलं नाही. तुम्हाला तीन रात्री झोप आली नाही, हे वाचून बरं वाटलं. पहिल्या वर्षी मी पण असंच केलं होतं. स्टार-डेल्टा स्टार्टरबद्दल एका मुलीने विचारलं आणि मी काहीतरी ठोकून दिलं. आमच्या त्या वेळच्या गट निदेशकांनी ते बाहेरून ऐकलं. तास संपल्यावर त्यांनी मला एक कोरी वही दिली. म्हणाले, यात रोज एक ओळ लिहायची. मुलांनी विचारलेला आणि तुम्हाला न आलेला प्रश्न. उत्तर सापडलं की समोर तारीख घालायची आणि वर्गात जाऊन सांगायचं. अशा माझ्या अकरा वह्या झाल्या. अजून घरात आहेत.

तुम्हीही त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलवा. "मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं, वहीत खोडून घे" असं स्पष्ट सांगा. मुलं मान कमी करत नाहीत. खरं सांगायचं तर त्यानंतर जास्त विचारायला लागतात, आणि ते आपल्याला हवंच असतं.

आता कामाचं. प्रशिक्षणाचा अर्ज करताना "प्रशिक्षणास पाठवावे" असं मोघम लिहू नका. विषय लिहा: सीएनसी टर्निंग, प्रोग्रॅमिंग व सेटिंग. कारण लिहा: संस्थेत मशीन उपलब्ध आहे, निदेशकास प्रशिक्षण नाही, अपघाताची शक्यता आहे. शेवटचं वाक्य कुठल्याही प्राचार्यांना वाचावं लागतं. तारखा मागताना परीक्षा आणि नवीन प्रवेश यांच्या मधल्या मागा, आणि त्या दिवसांत तुमचं काम कोण बघेल त्या निदेशकाची संमती अर्जालाच जोडा. जोडारी (फिटर) किंवा यंत्र कारागीरचे (मशिनिस्ट) निदेशक तयार होतात, तुम्ही त्यांच्या वेळेला उभे राहणार असाल तर. "बॅच कोण बघणार" या एका प्रश्नावर फाइल अडते. उत्तर आपणच आधी देऊन टाकायचं.

एनएसटीआयमध्ये निदेशकांसाठी छोटे रिफ्रेशर होतात, त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा. छत्रपती संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूम आहे, केंद्राच्या एमएसएमई खात्याची. तिथे सीएनसीचे अल्प मुदतीचे कोर्स असतात. फी लागते, पण हाताला मशीन मिळतं.

---

तासिका_तत्त्व

सगळ्यांचं वाचलं. मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून लिहितो.

मी यंत्र कारागीर व्यवसायाला तासिका तत्त्वावर आहे. सहावं वर्ष. जितके तास घेईन तितके पैसे. बारा दिवस शॉपमध्ये उभं राहिलो तर त्या महिन्याचं घरभाडं निघत नाही. मॅडम, अर्ज कसा लिहायचा ते तुम्ही सांगितलंत, पण प्रशिक्षणाच्या यादीत आमचं नावच नसतं. मुलांना मात्र फरक कळत नाही. त्यांना मीही "सर"च आहे, आणि माझ्या वर्गातला मुलगाही त्याच मशीनवर उभा राहणार आहे. निदेशकांच्या प्रशिक्षणाची चर्चा होते तेव्हा आम्हाला त्यात धरा, एवढंच मागणं आहे. निदान प्रशिक्षणाचे तास मानधनात धरा.

असो. तोवर मी काय करतो ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

निमीची, म्हणजे आयटीआयची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेची, पुस्तकं आणि भारत स्किल्स पोर्टलवरचे प्रश्नसंच रात्री काढून बसतो. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची मशिनिंगवरची व्याख्यानं फुकट आहेत. इंग्रजी जड जातं, पण थांबवून थांबवून ऐकलं की कळतं. फोनवर सिम्युलेटर आहे, त्यात प्रोग्रॅम चालवून बघतो. टूल चकात घुसलं तरी तिथं नुकसान नाही.

आमच्याकडे सीएनसी एकच, तेही निम्मा वेळ बंद. म्हणून मी वर्कशॉपच्या फरशीवर खडूने जॉब काढतो. मोठा, आठ-दहा फूट लांब. मध्यरेषा, तोंडाला झेड शून्य. एक मुलगा टूल होतो. दुसरा प्रोग्रॅमची एकेक ओळ मोठ्याने वाचतो. जी०० आलं की टूलने पळायचं, जी०१ आलं की पावलाला पाऊल लावून चालायचं. तिसरा चकाजवळ उभा राहतो आणि टूल जवळ आलं की ओरडतो. पहिल्याच दिवशी एक गोष्ट झाली. एक्स ४० म्हटल्यावर टूल झालेला मुलगा मध्यरेषेपासून चाळीस वीत मोजून भिंतीला टेकला. एक्समध्ये व्यास लिहितात, टूल त्रिज्येवर उभं राहतं, हे मी फळ्यावर चार वेळा सांगितलं होतं. त्या दिवसानंतर एकाही मुलाची ती चूक झाली नाही.

हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. पण एखाद्या कोर्समध्ये चार निदेशक एकत्र बसले असते तर असल्या चार गोष्टी मला त्यांच्याकडून मिळाल्या असत्या, हे नेहमी वाटतं.

---

तंत्रनिकेतन_यांत्रिकी

थोडक्यात. आमच्याकडे, म्हणजे डिप्लोमाला, सोयी जास्त आहेत. भोपाळच्या एनआयटीटीटीआरचे (तंत्रशिक्षकांची प्रशिक्षण संस्था) आठवड्या-दोन आठवड्यांचे वर्ग होतात, पुण्यात त्यांचं विस्तार केंद्र आहे. पण पदोन्नतीला प्रशिक्षणाचे आठवडे मोजले जातात, त्यामुळे माणूस विषय न बघता तारखा बघून नाव देतो. मीही दिलंय. माझ्या फाइलला प्रमाणपत्रं भरपूर आहेत, आणि गेल्या दहा वर्षांत मी मशीनवर स्वतः एकही जॉब काढलेला नाही. कातारी सरांचं "प्रमाणपत्राची गरज नाही" हे वाक्य दोनदा वाचलं. सर, शॉपमध्ये जा. जमलं तर मलाही सांगा, मी रजा टाकून येतो.

---

कातारी_निदेशक

उशिरा लिहितोय, माफ करा. जाऊन आलो.

मॅडमनी सांगितला तसाच अर्ज केला. जोडारीच्या निदेशकांची संमती जोडली, आणि ते शेवटचं वाक्यही जसंच्या तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. परीक्षा आणि प्रवेशाच्या मधले १२ दिवस मिळाले, त्यातले चार माझ्या अर्जित रजेतले. शिरोली_शिफ्ट यांच्या ओळखीने एका शॉपमध्ये उभं राहिलो. त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

सेटर चोवीस वर्षांचा. सीमेपलीकडचा, मराठी-कन्नड मिसळून बोलणारा. पहिले दोन दिवस तो मला "सर" म्हणून बाजूला सरकून जागा द्यायचा आणि मला काहीच दिसायचं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, मी इथं सर नाही, मला रिजेक्ट काढू नको एवढं शिकव. तो हसला आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. पंपाच्या बॉडीतलं बोअर होतं. फर्स्ट पीस निघाला. बोअर गेज लावला तर ०.०४ कमी. मी लगेच प्रोग्रॅम उघडायला गेलो, एक्सचा आकडा वाढवावा म्हणून. आयटीआयमध्ये मी तसंच करत होतो आणि मुलांनाही तसंच दाखवलं होतं. त्याने माझा हात धरला. "सर, प्रोग्रॅमला हात लावू नका. प्रोग्रॅममध्ये ड्रॉइंग आहे. इन्सर्ट (टूलची कापणारी टिकली) झिजला, ते ड्रॉइंगला काय माहीत?" मग ऑफसेटच्या पानावर जाऊन त्या टूलच्या वेअरमध्ये (झिजेची दुरुस्ती भरायच्या रकान्यात) ०.०४ मिळवले. पुढचा पीस बरोबर आला. बाहेरचा व्यास मोठा आला तर वजा करायचं, आतला लहान आला तर मिळवायचं. मग म्हणाला, "तीनशे पीस झाले की इन्सर्टची कड बदलायची, आणि वेअर शून्य करायचं विसरायचं नाही. ते विसरलं की पहिलाच पीस गेला."

मुलांना मी आजवर जे प्रोग्रॅम बदलायला शिकवलं, ते कंपनीत केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात त्यांना मशीनवरून उतरवलं असतं. माझ्या दोन दिवसांच्या वहीत वेअर हा शब्दच नव्हता.

आणखी एक. तिथं कुणी टूल सरळ जॉबवर नेत नाही. सिंगल ब्लॉक लावतात (एका वेळी एकच ओळ चालते), फीड ओव्हरराइड खाली आणतात (टूलचा वेग कमी होतो), जॉबपासून लांब एकदा हवेत सगळं चालवून बघतात. डोळा जॉबवर नसतो, स्क्रीनवरच्या "अजून किती अंतर जायचं" त्या आकड्यावर असतो. टूल जॉबपासून दोन मिमीवर दिसतंय आणि आकडा चाळीस दाखवतोय, म्हणजे थांबवायचं. ही डोळ्याची सवय पुस्तकातून लागणं कठीण. बाजूला उभं राहून त्याची नजर कुठं जाते ते बघितलं तेव्हा समजलं. सीटीआयला आम्हाला शिकवलं होतं की डेमोत कृती दाखवताना बघायचं कुठं तेही सांगा. मी हाताचं सांगत आलो, डोळ्याचं राहून गेलं होतं.

येताना रिजेक्शनचे सहा पीस आणले. एकात बोअर मोठं, एकात चॅटरच्या (थरथरीच्या) लाटा, एकाच्या तोंडाला मधोमध बारीक बोंड राहिलेलं. ते बोंड बघून मुलांनी स्वतः शोधलं की टूल सेंटर हाइटच्या खाली बसलं होतं. लेथवर हे त्यांना माहीत होतंच. तीच गोष्ट आहे, हे कळल्यावर त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

ज्याने लोडचं विचारलं होतं, त्याला वर्गात बोलावलं. चुकीचं सांगितल्याचं कबूल केलं आणि वहीतली ती ओळ खोडायला लावली. मग साध्या लेथवर फेसिंग करून मधलं खराब फिनिश त्याच्याच नखाने तपासायला लावलं. त्यानंतर सीएनसीवर जी५० एस१५०० घालून तोच जॉब. आवाज चढला आणि एका ठिकाणी येऊन थांबला. तो म्हणाला, "सर, लगाम बसला." सगळ्या बॅचने फळ्यावर ५०, १० आणि ५ व्यासाचे आरपीएम काढले.

तासिका_तत्त्व सर, तुमचा खडूचा जॉब आमच्या फरशीवर गेल्या आठवड्यापासून आहे. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय की तो पुसायचा नाही. जिल्ह्यातल्या कातारी, जोडारी आणि यंत्र कारागीरच्या निदेशकांनी महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या वर्कशॉपमध्ये जमावं, असं प्राचार्यांशी बोलून ठरवलंय. नियमित, कंत्राटी, तासिका, सगळे. येताना प्रत्येकाने एक रिजेक्ट जॉब आणायचा. शनिवार यासाठी की तुमचा तास बुडू नये. मानधनाबाबत मी काही करू शकत नाही, पण एसटीचं भाडं आम्ही चौघांनी मिळून द्यायचं ठरवलंय, त्याला नाही म्हणू नका. तंत्रनिकेतनचे सरही आले तर मशीन त्यांच्यासाठी मोकळं ठेवतो.

मॅडम, वही सुरू केली. आज तीन ओळी आहेत. दोनसमोर तारीख पडली. तिसरी अजून उघडी आहे: सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला कातून घ्यायचे मऊ जॉ) बोअर करताना जॉच्या आत अडकवायची रिंग नेमक्या कुठल्या व्यासाची घ्यावी, म्हणजे पातळ भिंतीच्या जॉबला पकडताना तो त्रिकोणी होत नाही? सेटरने हाताने दाखवलं होतं, पण कारण विचारायचं राहून गेलं. शिरोली_शिफ्ट, सोमवारच्या आत सांगू शकाल का? सोमवारी तो जॉब लावायचाय.